रिपोर्ट माझाच होता

कोल्हापुरात मिरची कांडपाच्या मशीनसमोर मी गेली सव्वीस वर्षं उभी राहते. संकेश्वरी मिरचीचं पोतं ओतलं की रस्त्यानं जाणारा माणूस शिंकतो, गिऱ्हाईक पदर नाकाला लावून लांब उभं राहतं. त्या जानेवारीत एका सकाळी मी दोन पोती मिरची घातली आणि मला काहीच झालं नाही. शिंक नाही, ठसका नाही, वास तर नाहीच नाही. मशीन बंद केलं आणि मालकांना हाक मारली, "अहो, मला करोना झाला."

"कशावरनं?"

"मिरचीचा वास येईना."

नवरा दोन पावलं मागं सरकला. तीस वर्षांचा संसार, आणि माणूस दोन पावलं मागं सरकतो! मी ते अजून विसरलेले नाही, आणि त्यांनाही विसरू देत नाही.

आमचे डॉक्टर चौकातच बसतात. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, लॅबचा माणूस घरी येऊन नाकात काडी घालून गेला, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. ताप तीनच दिवस होता. अंग मात्र कुणीतरी काठीनं बडवल्यासारखं दुखत होतं. वरच्या खोलीत एकटी पडून मी कॅलेंडर बघत होते, कारण महिन्याभरानं मला अमेरिकेला जायचं होतं. पोरगी बाळंत होणार होती.

आता पोरीचं सांगते, नाहीतर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. जावई पाचव्या महिन्यात वेगळा राहायला गेला. का गेला, चूक कुणाची, हे मला आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांनी विचारून झालेलं आहे. चटणी करायला म्हणून यायच्या आणि मिरची ओतायच्या आधी तोंड उघडायच्या. "पोरीला हिकडंच आणा की. तिकडं एकटी काय करणार हाय?" एकीनं तर सरळ विचारलं, "व्हय ओ, पोर त्याचंच हाय न्हवं?" तिची मिरची मी तशीच परत केली. म्हटलं, दुसरीकडं कुटून घ्या, आमचं मशीन बिघडलंय. मागं मशीन धडधडत होतं. बघू दे की!

पोरीची तिकडं नोकरी होती, विमा होता, दवाखाना ठरलेला होता. अशा दिवसांत तिनं इकडं यायचं आणि मग परत जाता आलं नाही तर? तिनं विचार करूनच तिथं राहायचं ठरवलं होतं आणि मला ते पटलं होतं. एकच अडचण होती. त्या काळात दवाखान्यात बाळंतिणीसोबत एकाच माणसाला आत सोडत होते. तो एक माणूस म्हणजे मी. मी गेले नाही तर आत तिच्याजवळ कुणीच नाही. एवढी साधी गोष्ट होती आणि रात्रंदिवस माझ्या डोक्यात तीच फिरत होती.

विमानाचा नियम असा होता. निघायच्या आधी एका दिवसात केलेली टेस्ट निगेटिव्ह पाहिजे. पण ज्याला नुकताच करोना होऊन गेला असेल त्यानं नवीन टेस्ट न करता चालत होतं. आजाराचा जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट दाखवायचा आणि 'बरा झाला, प्रवासाला हरकत नाही' असं डॉक्टरांचं पत्र दाखवायचं. बास. ऐकल्यावर मला हसूच आलं. सगळी दुनिया निगेटिव्ह रिपोर्टसाठी देवाला नारळ बोलत होती आणि मी पॉझिटिव्ह रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवला होता.

"आता परत टेस्ट करायच्या भानगडीत पडू नका वहिनी," डॉक्टर म्हणाले. "बरं झालं तरी महिना-दोन महिने पॉझिटिव्ह येते काहींची. मग नसता घोळ होईल." तिकीट काढून देणाऱ्यानंही तेच सांगितलं. मालक तर टेस्ट म्हटलं की हातच जोडायचे. मग डॉक्टरांनी आपल्या लेटरहेडवर पत्र लिहिलं, शिक्का मारला, आणि ते पत्र रिपोर्टच्या शेजारी कपाटात गेलं. रिपोर्ट आणि पत्र आम्ही चार-चार वेळा वाचलं. मालकांनी वाचलं, डॉक्टरांनी वाचलं, तिकीटवाल्यानं वाचलं. पोरीला फोटो पाठवला, तिनंही वाचलं. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

मुंबईच्या विमानतळावर सकाळीच पोचले. विमान दुपारचं होतं. दोन बॅगा, त्यातली एक निम्मी डिंक, अळीव आणि खारकांची. काउंटरवर एक तरुण मुलगा होता, मास्कच्या वर नुसते डोळे. त्यानं पासपोर्ट बघितला, लशीचं सर्टिफिकेट बघितलं, रिपोर्ट बघितला, पत्र बघितलं. मग परत पासपोर्ट बघितला.

"मॅडम, हा रिपोर्ट कुणाचा आहे?"

"माझाच की."

"नाव वेगळं आहे."

मी वाकून बघितलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यावर नाही, माझ्या स्वतःवर. आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवीन नाव लिहितो, मग पेढे वाटतात. माझं माहेरचं नाव नेमकं थोरल्या जाऊबाईंचंही होतं, एका घरात एका नावाच्या दोन सुना कशा चालतील? म्हणून माझं बदललं. तेव्हापासून गल्लीत, गिऱ्हाइकांत, डॉक्टरांच्या वहीत मी सासरच्या नावाची. माहेरचं नाव राहिलं ते शाळेच्या दाखल्यावर, आणि दाखल्यावरनं काढलेल्या पासपोर्टवर. लशीच्या सर्टिफिकेटवरचं नाव पोरीनं तिकडं बसून पासपोर्टप्रमाणं करून घेतलं होतं. रिपोर्टचं मात्र कुणालाच सुचलं नाही. कसं सुचणार? चार माणसांनी वाचलं, पण चौघांनाही दोन्ही नावांत मीच दिसत होते.

मी त्या मुलाला सगळं समजावून सांगितलं. तांदूळ, अंगठी, जाऊबाई, सगळं. तो बिचारा ऐकत होता. मागं रांग वाढत होती.

"मॅडम, मला समजतंय. माझ्या आईचं पण बदललंय. पण सिस्टिममध्ये चालणार नाही."

मग एक साहेब आले. कोट, टाय, हातात वॉकीटॉकी. "आंटी, तुम्ही घरी जा. रिपोर्ट दुरुस्त करून घ्या आणि पुढच्या आठवड्यात या."

"पुढच्या आठवड्यात? पोर काय तुमच्या सिस्टिमला विचारून जन्माला येणार हाय?"

"आंटी, आवाज कमी करा."

"आवाज असाच हाय माझा. मशीनवर काम करतो आम्ही. आणि आंटी कुणाला म्हणता ओ पावणं? तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेन फार तर."

रांगेतलं कुणीतरी हसलं. साहेब लाल झाले.

बाजूला येऊन मालकांना फोन लावला. ते मशीन तसंच सोडून डॉक्टरांकडं पळाले. अर्ध्या तासात डॉक्टरांनी दोन्ही नावं घालून, ही एकच बाई आहे असं लिहून, नवीन पत्राचा फोटो पाठवला. पण लॅबचा रिपोर्ट? तो सरकारी पोर्टलवर चढलेला, तो दुरुस्त करायला अर्ज, आधार, चार दिवस. आणि त्या दिवशी रविवार. मालक फोनवर म्हणाले, "अगं, ये परत. जाऊ की पुढं. तिथं नर्सा असतात, डॉक्टर असतात, बघतील तिला." आवाज रडवेला झाला होता. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. नर्सा असतात हे मला माहीत नव्हतं काय? ही पोर झाली तेव्हा माझ्या उशाशी माझी आई होती. नर्सही होती. नर्सचा चेहरा मला आठवत नाही.

पाण्याची बाटली उघडून बॅगेवर बसले. समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती, इथं टेस्ट करून मिळेल, रिपोर्ट तासाभरात. ती पाटी मी सकाळपासून बघत होते आणि सकाळपासून तिच्याकडं पाठ करून उभी होते, कारण सगळ्यांनी मला त्या टेस्टची भीती घालून ठेवली होती. आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. मी उठून परत साहेबांपुढं गेले.

"साहेब, मी आत्ता हितंच टेस्ट करते. पासपोर्टच्या नावानं."

"आंटी... मॅडम, तुम्हीच म्हणता नुकताच होऊन गेला. पॉझिटिव्ह आली तर?"

"आली तर चांगलंच की. तुम्हाला माझ्या नावाचा पॉझिटिव्ह रिपोर्टच पाहिजे न्हवं? तो मिळंल. डॉक्टरांचं पत्र हायच, त्यात दोन्ही नावं हायत. आणि निगेटिव्ह आली तर प्रश्नच मिटला. आता सांगा, कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?"

काउंटरवरचा मुलगा खाली मान घालून हसत होता, डोळ्यांवरनं कळत होतं. शेवटी साहेब म्हणाले, "पॉझिटिव्ह आली तर तुम्हाला इथूनच क्वारंटाइनला नेतील. मग माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हातात सकाळपासून काय हाय?" म्हटलं आणि टेस्टच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

बोलले खरं जोरात, पण रांगेत उभी राहिल्यावर विचार यायला लागले. नेलं असतं तर? कुठं, किती दिवस? तिकडं पोरगी एकटी, आणि मी मुंबईत कुठल्यातरी खोलीत कोंडलेली. पोरीला फोन केला नाही. त्या तासाभरात मी, टेस्ट पॉझिटिव्ह आली तर काय-काय बोलायचं ते सगळं मनात जुळवून ठेवलं. नियमाचा कागद चष्मा लावून पाठ केला. साहेबांचे साहेब बोलवायला लावायचे हेही ठरवलं. नेऊन तर दाखवा मला इथनं!

निगेटिव्ह आली.

खरं सांगू? क्षणभर हिरमुसलेच. एवढी भांडणाची तयारी केलेली, सगळी फुकट. मग रागच आला. ही एवढीशी टेस्ट मी कोल्हापुरातच केली असती तर? बरी झालेल्या बाईला सगळ्यांनी मिळून तीन आठवडे आजारी ठेवलं होतं, आणि मीही ऐकून घेतलं होतं. रिपोर्ट काउंटरवर ठेवला. त्या मुलानं बोर्डिंग पास दिला आणि हळूच म्हणाला, "काकू, सांभाळून जा." मी त्याला बॅगेतनं खारका काढून दिल्या. साहेब दिसले नाहीत, नाहीतर त्यांनाही दिल्या असत्या.

पोरीच्या दारात पोचले तेव्हा तिकडं टळटळीत दुपार होती. दार उघडलं ते आधी पोटानं आणि मग पोरीनं. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. मला बघून म्हणाली, "आलीस?" बास, एवढंच. मिठी मारायची तर पोट मधे, म्हणून आम्ही दोघी वाकड्या उभ्या राहून एकमेकींना धरलं.

सामान ठेवायला फ्रीज उघडला. वरचा बर्फाचा कप्पा डब्यांनी गच्च भरला होता. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, मराठीत. पहिला दिवस. दुसरा दिवस. तिसरा. अशी पंधराव्या दिवसापर्यंत. आत वरण, मेथीची भाजी, अळिवाची खीर. जिला साधी फोडणी धड जमत नव्हती, त्या पोरीनं भरल्या पोटानं उभं राहून स्वतःच्या बाळंतपणाचं पंधरा दिवसांचं जेवण करून ठेवलं होतं. फोनवर रोज म्हणायची, "तू येणारच आहेस, मला कसली काळजी?"

"हे काय गं?"

"काही नाही. असंच. नाही जमलं तुला यायला तर म्हणून."

मला जोरात बोलायचं होतं. पण विमानतळावर एवढी भांडलेली बाई मी, त्या फ्रीजसमोर पहिल्यापासून एकेक चिठ्ठी परत वाचत राहिले.

ती खुर्चीवर बसली, पाय वर घेतले आणि नजर चुकवून म्हणाली, "आई, दवाखान्यात सोबत कोण असणार म्हणून विचारलं होतं. मी कुणी नाही म्हणून सांगितलंय. उद्या सांगून बदलू."

"उद्या कशाला? आत्ता लाव फोन."

"आई, जरा बस तरी. चहा घे."

"चहा मरू दे. माझ्यासमोर लाव. मला ऐकायचंय."

तिनं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडं कोणतरी बाई होती. दोघींचं बराच वेळ भराभरा इंग्रजीत चाललं, मला काही कळेना. मग पोरगी बोलता बोलता थांबली, माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायला लागलं. तशीच नाक ओढत, एकेक शब्द सुटा करून, ती फोनमध्ये म्हणाली, "नो, नॉट अलोन. माय मदर इज हिअर."