हरायला तरी माणूस द्या

ऑर्विल टेस्मरने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. आमच्या टॅमरॅक काउंटीत कोणाचं कुत्रं चावरं, कोणाच्या दारात बर्फ साचतं, कोणाचा मुलगा मोज्यांशिवाय शाळेत यायचा, सगळं त्याला तोंडपाठ. मी इथली निवृत्त ग्रंथपाल, त्याची शेजारीण; निवडणुकीला मतदान केंद्रावर कामाला बसते. तेव्हा ही हकिकत ऐकीव नाही.

त्याची बायको आर्डिस अठरा वर्षांपूर्वी राज्याच्या विधानसभेला आमच्या पक्षातर्फे उभी राहिली होती. सपाटून आपटली. पण लढत तर झाली! अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शुक्रवारी तळलेले मासे असतात, तिथे दोन्ही उमेदवार एकाच टेबलाशी बसले होते. धरणाच्या प्रश्नावरून आर्डिसने समोरच्याला असं धरलं की तो काटा काढायचा विसरला आणि ठसकत बसला. ऑर्विल हे अजून सांगतो. सांगताना हसतो आणि मग खिडकीबाहेर बघत राहतो. आर्डिसला जाऊन सहा वर्षं झाली.

त्या लढतीनंतर मतपत्रिकेवर या जागेला एकच नाव छापलेलं असतं. तेच आमदार, दर दोन वर्षांनी. ते प्रचाराला येत नाहीत, कशाला येतील? ऑर्विलला फार काही नको होतं. मरायच्या आधी एकदा तिथे दोन नावं बघायची होती.

त्याने पक्षाच्या राजधानीतल्या कचेरीला फोन लावला. मी समोर कॉफी पीत होते. पलीकडून कोणी तरुण मोठ्या अदबीने बोलत होता.

"सर, सध्या आम्ही जिंकण्याजोग्या जागांवर लक्ष देतोय. तुमची जागा यादीत नाही."

"अरे बाबा, जिंकायचं कोण म्हणतंय? हरायला तरी माणूस द्या!"

"सर, तुमची भावना मी वर कळवतो."

"वर म्हणजे कुठे? देवाकडे?" म्हणत ऑर्विलने फोन ठेवला. तासाभरात त्याच पक्षाची देणगी मागणारी तीन पत्रं संगणकावर येऊन पडली.

"मग मीच उभा राहतो," तो म्हणाला.

"अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी?"

"विधानसभेत गादीच्या खुर्च्या असतात, लेनोर. बसची सीट कधी बघितलीस का?"

नाव छापून यायला मतदारसंघातल्या दोनशे मतदारांच्या सह्या लागतात. वसंतात बर्फ वितळून झालेल्या चिखलात हा दारोदार फिरला. लोकांनी सह्या दिल्याच, वर त्याला बसवून कॉफी पाजली. समोरच्या पक्षाचे लोकसुद्धा म्हणाले, "तुला मत देणार नाही ऑर्विल, पण सही घे." दोनशे एकवीस सह्या झाल्या.

"नकाशा बघितलास ना?" मी विचारलं.

"एकतीस वर्षं तोच रस्ता चालवलाय. मला नकाशा दाखवतेस?"

इथेच चुकलं. तो बसच्या रस्त्याने गेला होता. दोन वर्षांपूर्वी राजधानीतल्या शहाण्यांनी मतदारसंघाची रेघ आपल्या सोयीने हलवली, ती ओढ्यावरून गेली. ओढ्यापलीकडची मुलं याच्याच बसमध्ये वाढलेली, आता सह्या करणारी; पण मतदारसंघ दुसरा. सह्या द्यायच्या शेवटच्या दिवशी राजधानीतल्या निवडणूक कचेरीने त्या अठ्ठेचाळीस सह्या बाद केल्या; उरल्या एकशे त्र्याहत्तर. वेळ संपायला दीड तास आणि घर तीन तासांवर.

मी चिडले होते. त्याच्यावर, रेघेवर, त्या अदबशीर पोरावर. म्हटलं, निदान हाताने लिहायचा उमेदवार म्हणून नाव नोंदव. तर म्हणे, "मला छापील हवं होतं."

नोव्हेंबरात तो मत द्यायला आला. छापील नावाखाली एक रिकामी ओळ असते, तिथे हाताने कोणाचंही नाव लिहिता येतं. उमेदवार नोंदलेला नसेल तर मात्र ते मत कोणालाच मिळत नाही. अशी मतं एकत्र मोजायची, 'विखुरलेली' या शब्दापुढे आकडा टाकायचा, संपलं. ऑर्विल पडद्याआड इतका वेळ उभा होता की रांगेतला एकजण ओरडला, "आजोबा, झोप लागली का?"

"बस सुटायला वेळ आहे रे, थांब," आतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकालाचा तक्ता केंद्राच्या दारावर लागला होता. ऑर्विल चष्मा नाकावर ढकलत वाचत होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले. आमदारांच्या भल्यामोठ्या आकड्याखाली लिहिलं होतं: विखुरलेली – त्रेचाळीस.

"यातलं एक आर्डिसला," तो म्हणाला. "बाकीची?"

मी मोजणीला बसले होते. त्याचं नाव कोणी कसं लिहिलं होतं, एकाने नुसतं 'बसवाला' लिहिलं होतं, सगळं मी पाहिलं होतं. पण आम्ही शपथ घेतलेली असते.

"सांगता येत नाही, ऑर्विल."

"नको सांगूस." त्याने तक्त्यावरून बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं. "नाव कुठेच लिहीत नाहीत का?"

"नाही."

खाली वीतभर कागद कोरा होता. त्याने त्यावर हात ठेवला.

"जागा तर होती," तो म्हणाला.