बाबांची शेवटची शिफ्ट आणि नवा कॅमेरा

मला दम म्हणून नाही, असं आई आजही म्हणते. बाबा रिटायर व्हायचे होते त्या दिवसांत तर मी घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटची ड्यूटी करून ते प्लांटच्या गेटमधून बाहेर पडतील, तेव्हाचा एक फोटो मला पाहिजे म्हणजे पाहिजेच होता. आत कॅमेरा नेता येत नाही. त्यामुळे एवढ्या वर्षांच्या नोकरीचा आमच्याकडे एकही फोटो नव्हता.

कॅमेरा सिव्हिक सेंटरच्या बाजारातून आणला, खिशात मावणारा. सोबत दुकानदारानं पाऊच, चिमुकली तिपाई आणि मेमरी कार्ड फ्री दिलं. फ्री कसलं, डोकेदुखी! पाऊच इतकं घट्ट, की घालतानाच बटण दाबलं जाई आणि लेन्स आतल्या आत बाहेर यायला धडपडे. तिपाई तर कॅमेरा ठेवताच लोटांगण घाली. कार्ड तेवढं बरं निघालं. फोटोही छान यायचे. फ्लॅशमध्ये आई पीठ फासल्यासारखी दिसली, ते सोडा. खरं दुखणं वेगळंच होतं. बटण दाबलं की हे महाशय आधी विचार करणार, मग फोटो काढणार. तोवर चालता माणूस निघून जातो!

म्हणून सेक्टर २ मधल्या आमच्या क्वार्टरच्या फाटकातून मी बाबांना सारखं आत-बाहेर करायला लावलं. कधी नुसता हात यायचा, कधी पाठ.

"कावून वो, मले रिटायर करून राहिली का परेड करवून राहिली?" बाबा वैतागले.

शेवटी जमलं एकदाचं. ते फाटकाला हात लावतात तेव्हाच बटण दाबायचं.

शेवटच्या ड्यूटीच्या दुपारी आई आणि मी प्लांटच्या गेटसमोर रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहिलो. माझा पाय एका जागी ठरेना. शिफ्ट सुटली, सायकली आल्या, मोटरसायकली आल्या, आणि मग बाबा दिसले. गळ्यात झेंडूचे हार, कपाळभर गुलाल, सोबत डिपार्टमेंटचे लोक. मी बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. ढिम्म! खालचं झाकण उघडलं, तर आत बॅटरीच नव्हती.

"बाबा, बॅटरी!" मी भर रस्त्यात ओरडले.

ते बाहेर पोचले होते; मी रस्ता ओलांडून धावले. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि बॅटरी काढून माझ्या हातावर ठेवली. प्लांटात ते इलेक्ट्रिशियन. मशीन दुरुस्तीसाठी बंद असली की फ्यूज काढून आपल्याच खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरं कोणी चुकून लाइन चालू करत नाही. सकाळी बंद कॅमेरा टेबलावर पडलेला दिसला आणि हात आपोआप चालला. मला रागानं रडूच कोसळलं.

"रडू नको वो. मी परत आत जातो अन् येतो. तू बॅटरी लाव."

ते वळले आणि रोजच्यासारखे सरळ गेटकडे निघाले, खिशावर पास चाचपत.

गार्डनं हात आडवा केला. त्यांना रोज राम राम करणारा माणूस. तोही ओशाळला होता.

"बाबूजी, पास तो जमा हो गया न आपका?"

बाबांचा हात खिशावरच राहिला.

"हाव," ते म्हणाले, "हो गया."

बॅटरी तोवर बसली होती. माझ्यानं फोटो काढवला नाही.