गेरूच्या पट्ट्याच्या वर

आमच्या गावच्या घराला भिंती होत्या, असं म्हणायचं इतकंच. बांबूच्या कमच्यांचा तट्टा विणून उभा करायचा, दोन्ही अंगांनी माती लिंपायची आणि वर छपराला कवेलू, म्हणजे कौलं. पाऊस वाकडा लागला की पश्चिमेची बाजू ओघळून जायची आणि आतला बांबू फासळ्यांसारखा उघडा पडायचा. बाबा हिवाळाभर जंगलात असायचे, कागदाच्या कारखान्यासाठी बांबू तोडायला. घरी यायचे ते खोकतच. माय दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणी करायची, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जायची, आणि या दोन्हींच्या मधे जो वेळ उरायचा त्यात भिंती लिंपायची.

मी बारावीला असताना बाबा गेले. त्या पावसाळ्यात पश्चिमेची भिंत बसली ती बसलीच. मायच्या अंगात उभी करायची ताकद नव्हती. तिनं बारदाना शिवून लावला. रस्त्यानं जाणारा माणूस बारदान्याच्या फटीतून आम्ही काय खातो ते बघू शकत होता. बघण्यासारखं काही नसायचं, ही गोष्ट वेगळी.

तरी मी चंद्रपूरला गेले, वसतिगृहात राहिले, बी.ए. झाले. आमच्या दोन्ही घराण्यांत, बाबांच्या आणि मायच्या, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी बोलून दाखवते तेव्हा काहींना वाटतं, बाई मिरवते. मिरवते. त्यात लपवायचं काय आहे?

पुढं तालुक्याच्या कचेरीत नोकरी लागली. गावाबाहेरच्या वस्तीत विटांचं घर बांधलं आणि मायला घेऊन आले. गॅस होता, नळ होता, खाली टाइल्स होत्या. माय पहिल्या दिवशी टाइल्सवर हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "यावर शेण चिकटन नाई." मला वाटलं, कौतुक करते आहे.

आता खेळाचं सांगते. कचेरीच्या क्वार्टरांमागे व्हॉलीबॉलचं जुनं मैदान होतं. बाहेरून बदलून आलेल्या एका इंजिनिअर साहेबांनी खटपट करून तिथं सिमेंट टाकून घेतलं, पट्टे मारले आणि पिकलबॉल सुरू केलं. लाकडी फळीसारखी बॅट, भोकं पाडलेला प्लास्टिकचा चेंडू, कमरेएवढं नेट. दोघं इकडे, दोघं तिकडे. माझे गुडघे खुर्चीत बसून बसून धरले होते, मान दुखायची, संध्याकाळी घरी गेलं की पलंग आणि टीव्ही. मला वाटलं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. बॅट मागवली.

तिथं नंबर लावायची एक पद्धत आहे. बाकावर आपापली बॅट ओळीनं ठेवायची. डाव संपला की पुढच्या चार बॅटी उचलल्या जातात. नाव लिहायचं नाही, भांडायचं नाही. तुमची बॅट म्हणजे तुम्ही. मला ही पद्धत फार आवडली. रेशनच्या, एसटीच्या, स्कॉलरशिपच्या रांगेत मी आयुष्य काढलं आहे. रांगेत उभं राहिलं की कधीतरी नंबर येतोच, यावर माझा विश्वास आहे.

पहिले काही दिवस लोकांनी सांभाळून घेतलं. माझा चेंडू एक तर नेटात, नाहीतर उंच उडून कुंपणाच्या बाभळीत. मग एका संध्याकाळी माझी बॅट ओळीत पुढं आली आणि मी उठले, तर इंजिनिअर साहेबांनी ती उचलून ओळीच्या शेवटी ठेवली. हळूच, जसं आपण टेबलावरचा पाण्याचा ग्लास बाजूला करतो.

"मॅडम, तुम्ही जरा बसा. हा डाव थोडा टाइट आहे."

"माझा नंबर आहे साहेब."

"हो हो, पुढचा तुमचाच."

पुढचा डावही टाइट होता. आमचा शिपाई बाकाशेजारी शेंगदाणे खात बसला होता. तो म्हणाला, "बाई, तुमची बॅट तं एसटीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली." सगळे हसले. मीही हसले. अंधार पडायच्या आत स्कूटी काढली आणि घरी आले.

रागापेक्षा थकवा जास्त वाटला मला. इतकं शिकून, इतक्या रांगा पार करून, पुन्हा कोणीतरी आपल्याला उचलून मागं ठेवतो. मी ठरवलं की चेंडू परत पाठवता येईपर्यंत त्या बाकाकडे जायचं नाही. आणि गेले की माझी बॅट कोणी हलवायची नाही.

शिकवणार कोण? घराच्या मागची भिंत होती. प्लास्टर झालं होतं, रंग द्यायचा राहिला होता. भिंतीपुढं कपडे धुवायचा कोबा होता, तिथं उभं राहून मी मारायला लागले. ठक, ठक. भिंत दमत नाही आणि टाइट डाव आहे म्हणत नाही. पण शिकवतही नाही. तुम्ही जसा मारता तसा परत देते, चुकलेला चुकलेलाच. कचेरीतून आल्यावर अर्धा जीव आधीच गेलेला असायचा. चेंडू सुटला की तो वांग्याच्या वाफ्यात जायचा, मी वाकून आणायचे, कमरेतून कळ यायची. कोणाला सांगायची सोय नाही, की या वयात ही बाई भिंतीशी खेळते.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय वं बाई, उखळ मांडलं का घरी? दिवसभर ठकठक."

"दिवसभर मी कचेरीत असते," मी म्हटलं.

मायला हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. ती मागच्या दारात बसून बघायची.

"भिताडाले मारू नोको वं. घराले लागते."

"सिमेंटचं आहे माय. काही होत नाही."

"सिमेंटचं असो का मातीचं. भिताडाले कोनी मारते का?"

मी तिला खेळ समजावून सांगितला. नेटजवळच्या पट्ट्याला किचन म्हणतात, म्हणजे सैपाकघर, आणि तिथं पाय ठेवून हवेतला चेंडू मारायचा नसतो, हेही सांगितलं. माय म्हणाली, "सैपाकघरात पाय ठेवाचा नाई म्हंते? मंग हा खेळ तुह्यासाठीच काढला."

दिवाळी जवळ आली. एक दिवस कचेरीतून येऊन बॅट घेऊन मागं गेले आणि दारातच थांबले. मायनं सिमेंटची भिंत पोतारली होती. गावाकडच्या नात्यातल्या बाईकडून तिनं एसटीनं सिमेंटच्या पोत्यात पांढरी माती मागवली होती, मला न सांगता. फडकं भिजवून सगळी भिंत तिनं पांढरी केली होती, हाताचे अर्धगोल एकात एक. आणि खाली, गावाकडे असतो तसा, गेरूचा लाल पट्टा. बसून हात पोचतो तिथवर.

"माय, सिमेंटच्या भिंतीला कोणी पोतारते का? चिकटत तरी आहे का ते? रंग देणारच होतो ना आपण."

"दिवाळीले भिताड नंगं ठेवू का मंग?" तिच्या कोपरापर्यंत माती होती. "तुहा रंगवाला कवा येईन?"

माती खरंच चिकटली नव्हती. बोट लावलं की भुकटी. मी एक चेंडू मारून बघितला. चेंडू पांढरा होऊन परत आला आणि भिंतीवर राखाडी गोल उमटला, खालचं सिमेंट दिसेल असा. बॅट आत नेऊन ठेवली. म्हातारीनं दिवसभर राबून केलेली भिंत, तिच्यावर चेंडू मारायला हात धजेना.

दिवाळी झाली. मी मागं जाईना. एका रविवारी भाजी निवडता निवडता माय म्हणाली, "काऊन थांबली? खेळून नाई राह्यली आता."

"तुझी भिंत खराब होते."

"मंग होऊ दे ना."

"तूच म्हणत होतीस, भिताडाले मारू नोको."

तिनं भाजीतून मान वर केली नाही. "भिताड खराबच नाई झालं, तं मी इथी दिवसभर काय करू?"

टाइल्सवर हात फिरवून ती जे म्हणाली होती ते मला तेव्हा कळलं नव्हतं. जन्मभर तिनं भिंती पडताना पाहिल्या आणि उभ्या केल्या. मी तिला आणून ठेवलं ते अशा घरात, जिथं काही पडतच नव्हतं.

त्या दिवसापासून मी पुन्हा मारायला लागले, आणि आता भिंत बोलायला लागली. आधी चेंडू कुठं लागतो ते मला दिसत नव्हतं. लागला आणि परत आला, संपलं. आता प्रत्येक चेंडूचा ठप्पा राहत होता. खेळून झालं की मी कोब्यावर बसून धापा टाकत ते ठप्पे बघायचे. सगळे वर, डोक्याच्या उंचीला, आणि डावीकडे. म्हणजे माझा प्रत्येक चेंडू समोरच्याला आयता मिळत होता. नेटचं माप घेतलं तर ते जवळजवळ मायच्या गेरूच्या पट्ट्याएवढं. पट्ट्याच्या जरा वर लागला तर चेंडू चांगला. पट्ट्यावर लागला तर नेटात गेला. पट्ट्याच्या फार वर गेला तर वाया.

माय दारातून हजेरी घ्यायची. "स्लॅबले मारून राह्यली का?" किंवा, "आज माह्या गेरूची वाट लावली." आठवडा संपला की ती ओलं फडकं घेऊन भिंत पुन्हा कोरी करायची. तिचेही गुडघे धरलेले. मी म्हणायचे, राहू दे, मी करते. ती मला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, तुहा हात वाकडा चालते, भिताडावरच दिसते.

असा हिवाळा गेला. फार हौसेनं गेला असं मी म्हणणार नाही. कित्येक संध्याकाळी बॅट उचलायचीही इच्छा नसायची. कचेरीत कोणीतरी आवाज चढवलेला असायचा, पाय सुजलेले असायचे, आणि तरी मागं जायचं, कारण माय भिंत पोतारून बसलेली असायची. हळूहळू ठप्पे खाली उतरले. जोरात मारणं सुटलं. गेरूच्या वरच्या कडेला राखाडी गोलांची एक दाट ओळ तयार व्हायला लागली, आणि वरची माती आठवडाभर पांढरी राहायला लागली. मायनं एकदा वरच्या भागावर नुसता हात फिरवला आणि म्हणाली, "इथी तं कामच नाई ठेवलं."

त्यानंतरच्या सोमवारी मी मैदानावर गेले. बॅट ओळीत ठेवली आणि बाजूला उभी राहिले, बाकावर बसले नाही. नंबर आला. इंजिनिअर साहेबांचा हात बॅटकडे गेला.

मी म्हटलं, "साहेब, तिला हात लावू नका. माझा नंबर आहे."

"मॅडम, बघा, आज जरा..."

"टाइट आहे. माहीत आहे. मी खेळते."

शिपायाचे शेंगदाणे तोंडातच थांबले. साहेबांनी हात मागं घेतला. ते समोरच्या बाजूला होते. त्यांनी पहिलाच चेंडू माझ्याकडे जोरात मारला. मी बॅट पुढं धरली आणि मला नेट दिसलंच नाही. मला लाल पट्टा दिसला. चेंडू त्याच्या जरासा वरून गेला आणि त्यांच्या पायाशी पडला. ते वाकले, पोचले नाहीत. पुढचे दोन माझ्याकडून चुकले. घाम डोळ्यांत गेला, गुडघा ठणकायला लागला. पण बाभळीत एकही गेला नाही. डाव अकरा गुणांचा असतो, ते त्यांचे आधी झाले.

साहेब नेटपाशी येऊन म्हणाले, "कुठं शिकलात?"

"घरी. भिंतीवर."

शिपाई म्हणाला, "बाई, आज ड्रायव्हरच्या बाजूची सीट भेटली."

घरी आले तर माय दारात होती. "जितली का?"

"नाई माय. हारली."

"मंग?"

"कोनी उठवलं नाई. शेवटपर्यंत खेळली."

ती मागं जाऊन भिंत बघून आली. त्या दिवशी भिंतीवर नवा ठप्पा नव्हता. "उद्या खेळजो इथी," ती म्हणाली, "माती भिजवून ठेवली हाय."

भिंतीला रंग मी अजून दिलेला नाही. आठवड्यातून तीन दिवस मैदानावर जाते, बाकीचे दिवस मागं. जितक्या डावांत जिंकते त्याहून जास्त डावांत हरते. माझी बॅट ओळीत जिथं ठेवते तिथंच राहते, आणि नंबर आला की मी खेळते.