डॉक्टरऐवजी डोंगर

कापराचा वास आला की मला बेट्टदपुरच्या पायऱ्या आठवतात आणि संताप येतो. घोड्यांच्या रेसचं व्यसन जडलेला माझा थोरला भाऊ स्वतःच म्हणाला होता, "मला डॉक्टरकडे न्या, माझ्यानं सुटत नाही." लोक वेडा म्हणतील म्हणून आम्ही त्याला तिथल्या डोंगरावरच्या देवळात नेलं. दम्यामुळे मी स्वतः वाटेत तीनदा बसलो, गोळी घेतली, तरी वर पोचून मीच मनोनिग्रहावर व्याख्यान झोडलं आणि पेटत्या कापरावर त्याच्याकडून शपथ घेववली. पुढच्याच आठवड्यात तो रेसकोर्सवर सापडला. "देवाची शपथ मोडलीस!" मी ओरडलो. वैनी उसळल्या, "अय्यो भावजी, तुमच्या दम्याला गोळी आणि यांच्या दुखण्याला शपथ होय?" त्याच त्याला इस्पितळात घेऊन गेल्या. उपचारांनी तो सावरला. घरात मात्र अजून सगळे देवानंच सोडवलं म्हणतात, आणि इतकी वर्षं मीही मान डोलावत आलो.