विटकरी आणि डाळिंबी

१७ एप्रिलला रंगांच्या दुकानात वीस लिटरचा एक डबा परत आला. किंमत तीन हजार आठशे चाळीस रुपये. गिऱ्हाइकाची अर्धी भिंत विटकरी आणि अर्धी डाळिंबी झाली होती.

रंग कालवला होता मास्तरांनी. शिकवण्याशी त्यांचा संबंध नव्हता. नमुना बघून रंग जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, म्हणून दुकानाने दिलेलं ते नाव. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या डोळ्यापुरता लाल रंग फिका पडला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस; नसांचा आजार, नजर आणि चालण्याचा तोल दोन्ही बिघडवणारा. तेव्हापासून मास्तर डावा डोळा मिटून रंग बघत. गोदामवाला म्हणे, “डब्याला कशाला डोळा मारता? तो काही लाजायचा नाही!”

या आजारात उकाडा सोसत नाही. हा डबा कालवला त्या दुपारी उकाड्याने उजवा डोळाही धुरकटला, आणि नमुना न्‌ रंग एकसारखेच दिसले.

शेठनी केबिनचं दार लावलं. “खरं सांगा, मास्तर. चालताना झोक जातो, परवा जिन्यात भिंत धरलीत. घेता का?”

मास्तरांना जुने कॅशियर आठवले. त्यांचा आजार कळताच शेठनी फार प्रेमाने, पुष्पगुच्छ देऊन त्यांना घरी बसवलं होतं. पिणाऱ्या गोदामवाल्याला मात्र तीनदा ताकीद मिळाली होती, आणि तो अजून कामावर होता.

“कधीमधी,” मास्तर म्हणाले. जन्मात ते थेंबाला शिवले नव्हते.

“डब्याचे पगारातून कापतो. पुन्हा झालं तर मात्र घरी बसायचं.”

बातमी गोदामात पोचायला वेळ लागला नाही. दुकान बंद होताच गोदामवाल्याने मास्तरांना खांद्यावर हात टाकून कोपऱ्यावरच्या बारमध्ये नेलं. मास्तरांनी नुसता सोडा मागवला. “आजपासून सोडली.”

“धरली कधी ते कळायच्या आत सोडलीतसुद्धा?” तो खो खो हसला. मग ग्लासाकडे बघत म्हणाला, “आपल्यासारख्यांचं घरच्यांना नाही कळत, मास्तर.”

आपल्यासारख्यांचं. सहा वर्षांत मास्तरांना कोणी आपल्यात धरलं नव्हतं. खरं काय ते अगदी ओठांवर आलं. पण ते सांगितलं असतं, तर या टेबलावरून उठावं लागलं असतं. त्यांनी सोड्याचा घोट घेतला.

खोलीवर परतले तेव्हा ताईचा फोन वाजत होता.

“शेठना सांगितलंस का रे आजाराचं?”

“सांगितलं.”

“मग?”

“समजून घेतलं त्यांनी.”

“बघ! उगीच घाबरत होतास.”

डब्याचे पैसे तीन पगारांत फिटले. मास्तर आता लाल रंग सकाळीच, ऊन तापायच्या आत कालवतात. सोड्याचे वीस रुपये गोदामवाल्याला द्यायचे राहिले आहेत.