मामांची मुकी गाडी

मामा डबा कानाशी धरत, बोटाने त्याचं चाक फिरवत आणि डोळे मिटून निदान सांगत, "रडतंय. डाव्या अंगाचं."

डबा आगगाडीचाच, पण वीतभर लांबीचा, पत्र्याचा. तुम्ही तिथे असतात तर तुम्हाला काहीच ऐकू आलं नसतं. सोलापुरातल्या आमच्या बोळात दोन्ही बाजूंना विणकरांचे माग दिवसभर खडखडत, आणि वरून गिरणीचा भोंगा. त्या कल्लोळात हा माणूस खेळण्यातल्या चाकाचं रडणं ऐकत बसे.

कुर्डुवाडी जंक्शनवर डब्यांच्या आसांत तेल घालण्यात मामांचा उभा जन्म गेला होता. नोकरी संपल्यावर त्यांनी घरातच गाडी बांधली. इंजिनात मोडक्या घड्याळाची स्प्रिंग, सायकलच्या तारांचे आस, पितळेची चाकं. रूळ ओसरीतून निघून माजघरात मामींच्या खाटेपाशी थांबत. मामींचे गुडघे गेले होते. रोज दुपारी गाडी त्यांचा विडा घेऊन जाई, आणि मामी रोज दचकून जाग्या होत.

मी तेव्हा वीस वर्षांचा. स्वदेशीची पत्रकं वाचून वाढलेला, आणि आता ती स्वतः लिहिणारा. डब्यांवर विलायती बिस्किटांची अक्षरं दिसली तेव्हा मी भडकलो.

"मामा, देश पारतंत्र्यात आणि तुम्ही साहेबाच्या पत्र्याची गाडी चालवता?"

दुसऱ्या दिवशी पत्रा उलटा ठोकलेला. अक्षरं आत, कोरी बाजू बाहेर.

"झाली का स्वदेशी?" मामा म्हणाले. "चाकाला देश कुटं कळतोय? घासलं की रडायचं, येवढंच त्याला कळतं."

शेवटी मामींनीच निर्वाणीचं बजावलं. "अवं, रविवारपातुर ही गाडी गप झाली न्हाय, तर समदी मोडीत घालीन."

"अगं, भायेर येवढे माग वाजत्यात, त्यानं न्हाय मोडत झोप?"

"ते परक्याचं हाय. तुमचं मला लगेच ऐकू येतं."

मामा कामाला लागले. रुळांखाली घोंगडीच्या पट्ट्या घातल्या. खडखड गेली, कुरकुर राहिली. मग तेल. जन्मभराचं औषध तेच. चाकं दोन दिवस गप्प आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट रडू. आणखी तेल, आणखी रडू. शनिवारी त्यांनी एक आस उपसून पाहिला, तर त्याला सुताचं तूस गच्च गुंडाळलेलं. आमच्या बोळाची हवाच तुसाची. तेल दिसलं की येऊन बसणार.

मामांनी तेलाची झारी दूर सारली आणि मला म्हणाले, "कोरडं वंगण पायजे. शिसपेन्सिल दे."

मी छाती काढून स्वदेशी पेन्सिल दिली. त्यांनी शिसं कुटलं, पूड आसाला चोळली, चाक फिरवलं, ऐकलं.

"खडं हाईत की रं यात. तुज्या पत्रकावाणी. नुसतं टोचतंय. आतल्या खिशातली दे."

माझ्या आतल्या खिशात एक विलायती पेन्सिल होती. मऊ, काळीभोर. परदेशी मालाची होळी करा, असं ओरडून सांगणारी पत्रकं मी तिनेच लिहीत असे. हे जगात कुणालाही ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती.

"मामा, तुम्हाला कसं..."

"कागदावर आवाज करत न्हाय ती."

दिली. उदार झालो म्हणून नव्हे, पकडला गेलो म्हणून.

रविवारी दुपारी आम्ही दोघे ओसरीत उकिडवे बसलो. मामांनी किल्ली दिली. गाडी उंबऱ्याच्या खाचेतून आत गेली, खाटेपाशी थांबली. आवाज नाही. मामींचे डोळे मिटलेले. मामांनी आनंदाने माझा दंड असा आवळला की पुढे दोन दिवस मला लिहिता आलं नाही.

तासाभराने आतून हाक आली. "अवं, आज गाडी न्हाय का?"

"कवाच आली! बघ की!" मामा फुशारकीने आत गेले.

मामींनी विडा पाहिला. "मी जागीच हाय की. डोळं मिटून वाट बघत व्हते. म्हटलं, तुमी भायेर गेलासा. घरात कुनीच न्हाय." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मामा ओसरीत येऊन बसले. इतकी गप्प गाडी उभ्या जन्मात त्यांनी चालवली नव्हती, आणि चेहरा असा की रुळावरून घसरली असावी. थोड्या वेळाने उठले, झारी घेतली आणि शेवटच्या डब्याच्या डाव्या चाकात तेलाचा एक थेंब सोडला. "येका चाकानं रडावं," ते म्हणाले. गाडी मोडीत गेली नाही.

मामांना जाऊन आता दोन वर्षं झाली. दुपारी मी किल्ली देतो. पेन्सिलीची पूड अजून टिकून आहे; त्या एका चाकावरचं तेल-तूस झडून गेलं की गाडी पुन्हा मुकाट्याने आत जाते. कधीतरी माजघरातून मामी म्हणतात, "तेल घाल की रं."

मी त्या डाव्या चाकात थेंब सोडतो. दोन दिवस काही होत नाही. मग मागांवरचं तूस उडत येऊन आसावर बसतं, चाक रडू लागतं, आणि मामींना झोप लागते.