धरणाच्या भिंतीचा फोटो

आमच्या घरात कॅमेरा आला त्या वर्षी आत्याला दिसेनासं झालं होतं. ही गोष्ट तिने आम्हा चौघांपासून लपवली होती, आणि अशी बेमालूम लपवली होती की रोज तिच्या मांडीला मांडी लावून जेवणाऱ्या मलासुद्धा पत्ता लागला नाही. पुढे मी लोकांना सांगत सुटले की मला लहानपणापासून फार बारकाईने बघायची सवय. साफ खोटं. मी तेव्हा पंधरा वर्षांची, तिरसट आणि स्वतःवर बेहद्द खूश असलेली मुलगी होते.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा कुठे निघून गेला, तो परत आला नाही. तिने कपाळाचं कुंकू पुसलं नाही आणि नवऱ्याचा विषयही पुन्हा काढला नाही. वडील श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात फिटर. वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांत पहाटेची चूल आत्याची, दळण-कांडण आत्याचं, माझ्या वेण्या आणि चार वर्षांच्या धाकट्या भावाची आंघोळही आत्याचीच. आईने एखादं काम हातातून घेतलं तर तिला राग यायचा. "बसून खाल्लं तर डोंगर बी पुरत न्हाई," म्हणायची. आम्हाला वाटायचं, हौसच आहे तिला कामाची. भावाच्या घरात आपली जागा आपल्या दोन हातांवर आहे, असा तिने हिशेब धरला होता, आणि डोळे गेले तर ती जागाही जाईल या धास्तीने तिला आतून पोखरलं होतं. हे आम्हाला कॅमेऱ्यामुळे कळलं.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. अण्णांच्या म्हणजे वडिलांच्या डोक्यात आलं की दिवाळीत, हंगाम सुरू व्हायच्या आत, सगळ्यांना घेऊन भंडारदऱ्याला जायचं. आई म्हणाली, "तिथं देव कंचा?"

"देव न्हाई. पानी हाय."

"पानी बघायला एवढ्या लांब?"

पण अण्णांनी मनावर घेतलं होतं. नुसतं जायचंच नव्हतं, फोटोही काढायचे होते. कारखान्यातल्या केमिस्टने महाबळेश्वरचे फोटो सगळ्या वर्कशॉपला दाखवले होते आणि ते अण्णांना लागलं होतं.

कॅमेरा आणायला ते मला नगरला घेऊन गेले. दुकानदाराने काचेवर दोन कॅमेरे ठेवले. एक भात्याचा, जुना पण देखणा. झाकण उघडलं की काळ्या चामड्याचा भाता पुढे सरकायचा. दुसरा साधा पेटीकॅमेरा. माझा जीव भात्याच्या कॅमेऱ्यावर जडला. अण्णांनी दोन्ही कानाशी धरून खटका दाबला, एंजिन ऐकावं तसं. मग भात्याच्या घड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हितनं उजेड शिरंल एक दिस." पेटी हातात तोलून त्यांनी दुकानदाराला विचारलं, "ह्यात बिगाडण्यासारखं काय हाय?"

"काहीच नाही," दुकानदार म्हणाला.

"मग हाच द्या."

परतीच्या एस्टीत मी तोंड फुगवून बसले होते. तरी त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. एका रोलवर बारा फोटो. आकडा मागच्या लाल खिडकीत दिसतो. डोळा लावून बघायची खिडकी वरची, आणि फोटो घेणारी काच खालची. दोन्ही वेगळ्या, हे ते दोनदा म्हणाले. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा मांडायची ती आत्याच. पाटावर अण्णांचे पान्हे, हातोडी, आईची विळी, खुरपं, कात्री, माझा कंपासबॉक्ससुद्धा. लोखंडाला कोरडं कुंकू धरत नाही म्हणून ती ते तेलात कालवून घ्यायची आणि प्रत्येकाला ठसठशीत बोट लावायची. त्या वर्षी मधोमध कॅमेरा. नवीन हत्यार, तेव्हा त्याचा मान मोठा. आत्याने हाताने चाचपून त्याचा बरोबर मध्य गाठला आणि तिथे कुंकू लावलं. वर झेंडूचं फूल ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पूजा उचलताना मी बघितलं, तर कुंकू थेट खालच्या काचेवर. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, ते आपोआप जाऊ द्यायचं असतं. अण्णांना सांगितलं असतं तर आत्याला बोलणी बसली असती आणि मला 'तू तिथंच होतीस ना' ऐकावं लागलं असतं. मी आजूबाजूला कोणी नाही असं बघून परकराच्या काठाने काच पुसली. लाल रंग गेला. काच चकचकीत दिसायला लागली. मी कॅमेरा त्याच्या चामडी पाकिटात घातला आणि बटण लावून टाकलं.

निघायच्या दिवशी आत्या म्हणाली, "म्या घर राखते." अण्णा ऐकेनात. "आक्का, घराला काय पाय फुटतात?" शेवटी ती आली. चिवडा-करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन नगर, संगमनेर, अकोले असा एस्टीचा प्रवास. धरणावरच्या वर्कशॉपात अण्णांच्या ओळखीचा एक फिटर होता, त्याच्या क्वार्टरमध्ये मुक्काम. आमच्याकडे हंड्यात मोजलेलं पाणी असतं, इथे डोंगरापासून डोंगरापर्यंत पाणी. आई बराच वेळ नुसती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं पानी आन् आमच्या नळाला धार न्हाई." अण्णा हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना त्याआधी फार वेळा बघितलं नव्हतं.

आत्या दोन्ही दिवस भावाला बोटाशी धरून होती. सगळे म्हणाले, किती जपते बाई पोराला. कोणी कोणाला धरलं होतं हे मला आता कळतं. पायऱ्या आल्या की भाऊ "एक, दोन" मोजायचा आणि ती त्याच्या आकड्यांवर पाऊल टाकायची.

फोटो काढणं म्हणजे अण्णांच्या लेखी बॉयलर पेटवण्याइतकं जोखमीचं काम. ते आम्हाला उन्हाकडे तोंड करून उभं करायचे, पावलं मोजत मागे जायचे, पुन्हा पुढे येऊन भावाची टोपी सरळ करायचे आणि ओरडायचे, "हलू नका!" मग टक्. "एवढंच?" आईने पहिल्यांदा विचारलं. तिला काहीतरी जास्त होईल असं वाटलं होतं. आत्या दर वेळी भलतीकडेच बघायची. "आक्का, इकडं! तिकडं कोन उभं हाय?" अण्णा म्हणायचे आणि आम्ही हसायचो. सगळ्यात मोठ्याने मी. ते हसू आठवलं की आजही मला स्वतःचा राग येतो.

बाराव्या आकड्याला अण्णांमधला फिटर जागा झाला. आम्हाला बाजूला सारून त्यांनी नुसत्या धरणाच्या भिंतीचा फोटो घेतला. "कशी बांदली आसंल!" म्हणाले. आई चिडली. "एक फोटो वाया घातला की वो. माणूस न्हाई काणूस न्हाई."

रोल नगरला धुवायला दिला. फोटो आणायला अण्णा गेले आणि संध्याकाळी पाकीट सतरंजीवर टाकून, टोपी न काढताच भिंतीला टेकून बसले. बाराच्या बारा फोटो धुरकट. जात्याभोवती पीठ उडावं तसं सगळ्यावर काहीतरी पसरलेलं. आई म्हणजे एक फिकट नऊवारी, मी म्हणजे दोन काळ्या वेण्या, भावाची नुसती टोपी. स्टुडिओवाला म्हणाला होता, काचेला तेलकट काहीतरी होतं.

"ह्यात बिगाडण्यासारखं काय नव्हतं," अण्णा स्वतःशीच म्हणाले.

आणि माझं तोंड सुटलं. "आत्यानंच बिघडवलं! काचेला कुंकू लावलं खंडेनवमीला. दिसत नाही का तिला, काच कुठली आणि पेटी कुठली!"

परकराच्या काठाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

आत्या चुलीपुढून उठून आली. पदराला हात पुसून तिने सतरंजीवरचा एक फोटो उचलला, डोळ्यांपासून जरा लांब धरला आणि समजुतीच्या आवाजात आईला म्हणाली, "आगं, काय वंगाळ आलंय ह्यात? उगं पोरीनं कालवा केलाय. किती झ्याक हाय! ह्यो बघ, बाळ कसा हासतोय."

तिच्या हातात धरणाच्या भिंतीचा फोटो होता.

चुलीवर भाकरी करपायला लागली तशी आत्या वळली. अण्णा उठले, तिच्या समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी पंजा वर धरला. "आक्का, किती बोटं हायेत?"

"भाकर जळती माजी. सर."

"किती हायेत सांग."

ती तिथेच खाली बसली. उजेड-अंधार कळतो, म्हणाली. माणसं आवाजावरून कळतात. डबे जागच्या जागी असतात, भाकरी वासावरून कळते. वर्षभर असंच चाललंय. "दिसत न्हाई म्हनलं तर कशाला हात लावू देनार न्हाई तुमी. मंग म्या हितं कशापायी ऱ्हायाचं? कुनाच्या जिवावर?"

बोलली ती आई, जी नणंदेपुढे कधी आवाज चढवत नसे. "वन्सं, तुमाला काय आमी कामाला ठेवलंय व्हय? दोन लेकरं मी तुमच्या मांडीवर टाकली ती काय मोलकरीन म्हनून?" आणि मग ती रडायला लागली, तशी आत्या तिचीच समजूत घालायला लागली. मी करपलेली भाकरी तव्यावरून काढली. तेवढंच मला करता आलं.

थंडीत तालुक्याच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय, काढता येईल. आधी एक डोळा. वर्गातली बाकं बाहेर काढून खाटा मांडल्या होत्या. पट्टी बांधल्यावर मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. सोबतीला मी राहिले. खरं तर मला जवळ राहायचं होतं, कारण माझ्या पोटात ते कुंकू दुखत होतं.

तिसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं. डोळ्यांवर पट्टी असलेल्या माणसाला सांगणं सोपं असतं. "आत्या, कुंकू तू लावलंस, पण काच मी पुसली. परकरानं. तेल पसरलं ते माझ्यामुळे."

"पूजेचं कुकू पुसू नये, ठावं हाय न्हवं?"

"हो."

"आन् पुसलं नसतंस तर?"

"तर फोटोच आले नसते. सगळे काळे आले असते."

"मंग अण्णानं दुकानदाराला शिव्या घातल्या असत्या, आन् म्या आंधळी हाय ते कुनाला कळलंच नसतं." तिचे ओठ थरथरले. मला वाटलं रडतेय, म्हणून मी घाबरून नर्सबाईंना हाक मारली. ती हसू दाबत होती.

जाड भिंगाचा चष्मा मिळायला पुढे दीड महिना लागला. तो लावून ती घरी आली तेव्हा आधी तिने आईकडे बघितलं. "काय वाळलीयास गं तू," म्हणाली. मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघत राहिली.

मग तिने फोटो मागितले. अण्णांना ते फेकून द्यायचे होते, आईने फेकू दिले नव्हते. आत्या ओट्यावर उन्हात बसली आणि बाराच्या बारा एकेक करून बघितले. आम्ही वाट बघत होतो, आता चुकचुकेल. ती म्हणाली, "आस्संच दिसत हुतं मला. अगदी आसंच." ते फोटो तिने सगळ्यांना पुन्हा पुन्हा दाखवले, शेजारच्यांनाही. वर्षभर ती एकटीच जे बघत होती ते आता कागदावर आलं होतं, आणि आम्हालाही दिसत होतं. शेवटच्या फोटोशी आल्यावर तिने तो जवळ धरला, लांब धरला, आणि त्या ओट्यावर पोट धरून हसली. "आरं देवा! ह्यात बाळ हासत हुता व्हय?"

तो फोटो तिने मागून घेतला आणि चष्म्याच्या डबीत ठेवला.

पुढच्या खंडेनवमीला दुष्काळ होता. सहलीचं नावही कोणी काढलं नाही. पाटावर मात्र पान्ह्यांच्या मधोमध कॅमेरा होता. आत्याने तो उचलला, फिरवून फिरवून बघितला आणि मला विचारलं, "डोळा कंचा ह्याचा?" मी दाखवला. तिने तो सोडून पाठीमागे, चामड्यावर, कुंकवाचं बोट लावलं. मग म्हणाली, "ऱ्हावा उबं समदी. आन् अण्णा, तू बी." अण्णांनी तिला पावलं मोजायला शिकवलं. ती मागे गेली, वरच्या खिडकीला चष्मा टेकवला आणि आयुष्यभर वाट बघितल्यासारखी ओरडली, "हलू नगा!"

तो फोटो स्वच्छ आला. घरात अजून आहे. पण माझ्या कपाटात जपून ठेवलाय तो धरणाच्या भिंतीचा. आत्या गेल्यावर तिच्या चष्म्याच्या डबीत सापडला. माझा भाऊ आता आजोबा झालाय. कधी घरी आला की तो फोटो हातात घेऊन मुद्दाम विचारतो, "ह्यात मी कुठाय गं?"

"तो काय," मी म्हणते, "हसतोयस."